शिवणीची ओली फळी

अहो,

लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. घरातच तर असायचात! आज लिहितेय, कारण काल तुमच्या शेडात जाऊन मी तुमची नक्षी कापायची मशीन चालू केली, आणि लाकूड कुठलं घ्यायचं हे विचारायला कोणी नव्हतं.

कंपनीतून रिटायर झालात आणि गरम पातेल्याखाली ठेवायच्या लाकडी अडण्या कापायचं वेड घेतलंत. माझी केवढी चिडचिड व्हायची! दोऱ्यासारख्या पात्यानं वेलबुट्टी कापायला तुम्हाला एक तास लागायचा आणि फळी निवडायला आठवडा. बोटांनी वाजवायचात, हुंगायचात, उन्हात धरून रेषा बघायचात. वर माझी उकळती आमटी तिच्यावर ठेवून घड्याळ लावायचात. "आता जेवायलाही लाकडांनाच वाढायला सांगा," असं मी म्हणायचे. तुम्ही नुसते हसायचात.

कुंभिवलीतल्या कितीतरी घरांत तुमची अडणी आहे. येईल त्याला लाकडाचं समजावत बसायचात. मला का नाही हो सांगितलंत? मी विचारलं नाही, हे खरं. पण बाकीचं तरी मी कुठे विचारत होते? ते सगळं सांगायचातच की!

तुम्ही गेलात तेव्हा चार दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती. शेजारचे बबनभावोजी दारात येऊन उभे राहिले. "वैनी, स्मशानातली लाकडं पार भिजल्यात. पेटायची नाय. दादाच्या शेडात सुकी हायत, ती घेऊ का?" मी मान हलवून हो म्हटलं. त्या वेळी मला कुठलं लाकूड आणि कुठलं काय! तुम्हाला नीट अग्नी मिळावा, एवढंच कळत होतं.

तेराव्यानंतर शेडात गेले, तर कोपऱ्यातले चार तुकडे सोडले तर सगळं रिकामं. माळ्यावरची शिवणीच्या लाकडाची फळीही चितेवर गेली होती. आपल्या मनीषाच्या नव्या घरासाठी सहा अडण्या करायच्या म्हणून दोन वर्षं जपलेली, पेन्सिलनं तिचं नाव लिहिलेली. तिला सांगितलं तेव्हा आपली शांत पोरगी ओरडलीच. "एकदा बघायचंस तरी गं आई! बाबांनी माझ्यासाठी तेवढंच ठेवलं होतं." नंतर तिनं तो विषय काढला नाही. फोन मात्र दोन वाक्यांत आटपायला लागली. मला तेच सहन होत नाही.

दिवाळीही तशीच गेली. म्हणून तिच्या अडण्या आपणच कापाव्यात असं ठरवून काल मशीनला हात लावला. आधी कंपनीच्या खोक्याचं पाईन घेतलं. भराभर कापलं गेलं. वाटलं, एवढंच होतं होय! गरम कुकर ठेवला, तर राळ सुटून बुडाला चिकटली. मग बाभळीचा तुकडा घेतला, दोन पाती तुटली. प्लायवूडचे थर सुटले. तिथेच बसून रडले. तुमचा आठवडा कशात जायचा ते आत्ता कळतंय, आणि कळलं हे सांगायला तुम्ही नाही.

आज सकाळी शिळफाट्याच्या वखारीत गेले. तुमच्यासारखी वाजवून, हुंगून शिवणीची एक फळी काढली. मालक म्हणाला, "मावशी, फळी चांगली निवडलीत, पण ओली हाय. आत्ता कापलीत तर वाकंल. दोन पावसाळे सुकू द्या."

टेंपोतून आणली, खाली पट्ट्या देऊन सावलीत ठेवली. मग मनीषाला फोन लावून सगळं सांगितलं. "दोन वर्षं?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "थांबते मी. पण तू गोळ्या घेतेयस ना गं?"

नाही घेत, हे तिला सांगवलं नाही. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तुम्ही गेल्यापासून बीपीच्या गोळ्या डब्यात तशाच पडल्यात. वाटायचं, लवकर सुटेन, तुमच्याकडे येईन. पोरीचा विचारसुद्धा केला नाही हो मी!

आज जेवण झाल्यावर एक गोळी घेतली. उद्याही घेईन, रोज घेईन. फळी वाळेल, मी सहाच्या सहा अडण्या कापेन आणि स्वतः नेऊन मनीषाच्या ओट्यावर ठेवेन. शब्द देते तुम्हाला. तोवर मला न्यायची घाई करू नका.

तुमची,
सुमन