आवाज येतोय का

बाबा, तुम्ही गेल्यानंतर आम्ही इकडे हॉलंडमध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला आलो, त्यामुळे तुमच्या जावयाचं आजारपण तुम्हाला ठाऊक नाही. ऑफिसातले लोक राउटरमधून आपलं बोलणं ऐकतात, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. एका दुपारी त्याने सुरीने राउटरची वायर कापली आणि सुरीसकट बाथरूममध्ये जाऊन आतून लॉक केलं. मी दार बडवतेय, ओरडतेय. ते ऐकून खालची डच शेजारीण फोन हातात घेऊनच वर आली. पोलिसांना बोलावते, म्हणाली. पोलीस म्हटल्यावर मला आधी आमचा व्हिसा आठवला, याची अजून लाज वाटते. मग डोळ्यांसमोर आलं ते दार फुटणं, आत शिरणारे युनिफॉर्म आणि ह्याच्या हातातली सुरी. मारतीलच त्याला, असं वाटलं. मी तिचा हात धरला, थांबा म्हटलं, आणि हाउसआर्ट्सना, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरांना, फोन लावला.

त्यांनी मानसिक आजाराची तातडीची टीम पाठवली. साध्या गाडीतून, साध्या कपड्यांत, एक नर्सबाई आणि एक उंच माणूस. सायरन नाही, काही नाही. बाई दारापासून जरा लांब फरशीवर बसली आणि मलाही शेजारी बसवलं. तो आठवडाभर मराठीशिवाय बोलत नव्हता. "त्याला आवाज ऐकू येतात का, विचार," ती इंग्रजीत म्हणाली. मी पुन्हा ओरडणार, तोच तुमचं टेलिफोन एक्स्चेंज आठवलं. सुट्टीत तिथे येऊन आत्याशी ट्रंककॉलवर किंचाळणारी मी, आणि कानाला हेडफोन लावलेले तुम्ही: "ओरडू नकोस गं. लाइन खराब असली की हळू बोलायचं आणि थांबायचं." सगळ्यांसमोर बोललात म्हणून मी दिवसभर फुगून बसले होते.

मी हळू विचारलं, "आवाज येतोय का?"

घाईत चुकलंच. फोनवर विचारतात तसं विचारून बसले. मी थांबले. मग तो ऑफिसच्या कॉलवर बोलतो तसा म्हणाला, "हो, येतोय. बोल."

"काय म्हणाला?" बाईने विचारलं.

"माझा आवाज येतोय म्हणाला."

"मग बोलत राहा."

भाजी कुठली करू, पोळ्या की भात, असलं काहीबाही बोलत राहिले. खूप वेळाने दार चार बोटं उघडलं आणि सुरी बाहेर आली, मूठ आमच्याकडे.

आता तो बरा आहे. गोळ्यांवरून कुरकुर करतो, पण घेतो. त्या दिवशी निघताना बाईने मलाही विचारलं, तुला येतात का कधी आवाज? मी नाही म्हणाले. खोटं बोलले, बाबा.