मिनिटाला पाच लिटर

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची काशीत! ब्रह्मा घाटाजवळ नरहरशास्त्रींच्या घरी वरची खोली मिळालीय. मराठी घर, सकाळी पोहे, आणखी काय हवं? काम महिन्याभराचं, आमच्या नव्या मशीनची चाचणी: दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घ्यायचा आणि त्यावरून हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं ते गणिताने काढायचं. पहिलं गिऱ्हाईक मीच. पाच लिटर, ठणठणीत! शास्त्रीबुवांनी मात्र दंड पुढे केला नाही. आमचं हृदय विश्वनाथ बघतो म्हणाले. नागपुरात लेक ईशानी रुसून बसलीय. पाच डिसेंबरला सात वर्षांची होईल बाई. त्या दिवशी घरी असेन, असं वचन दिलंय.

७ नोव्हेंबर
शास्त्रीबुवांनी पूजेला बसवलं. हातावर पाणी घातलं, नाव-गोत्र विचारलं. मी पोपटासारखं सांगितलं आणि पाणी सोडलं. संस्कृत कोण ऐकतंय! माझं सगळं लक्ष शिऱ्यात.

१२ नोव्हेंबर
नावेने गंगेपलीकडच्या रेतीवर गेले. उगाच धाप लागली. पट्टा बांधला तर साडेतीन! घाटावर परतले, पाच. पट्टा सैल असणार.

१३ नोव्हेंबर
पट्टा घट्ट होता. रेतीवर तीन. थोडं पुढे गेले, पावणेतीन. तिथेच खाली बसले. नावाड्याने उचलून आणलं. इथले डॉक्टर म्हणतात, हृदय उत्तम आहे.

२० नोव्हेंबर
त्या पूजेत काय म्हणवून घेतलंत, म्हणून शास्त्रीबुवांना खोदून विचारलं. किती आनंदाने सांगितलं त्यांनी! माझ्याकडून क्षेत्रसंन्यासाचा संकल्प सोडवला होता. मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही, आणि पलीकडची रेती हद्दीबाहेर. मी रडले, पाया पडले, मागे घ्या म्हटलं. म्हणाले, बिटिया, लोक इथे मरण मागायला येतात, तुला आयतं मिळालं. मेल्या म्हाताऱ्या! मला मरायचं नाहीये. मला घरी जायचंय.

२ डिसेंबर
ईशानी फोनवर बोलत नाही. नवरा न्यायला येतोय, मुकुल. त्याला सगळं सांगितलं तर पोट धरून हसला. इंजिनिअर बाई आणि असलं खूळ!

४ डिसेंबर, टॅक्सीत
ट्रेन मुगलसरायहून आहे, गंगेपलीकडून. राजघाटचा पूल लागला. चार.

साडेतीन—

मुकुल म्हणतो मशीन बिघडलंय. पट्टा काढून स्वतःला बांधला. त्याचे पाच. तोंड उतरलं त्याचं.

पुन्हा मला. अडीच.

गाडी वळव म्हणून ओरडतोय. ड्रायव्हर म्हणतो, जाम है, पुल पर कहाँ से मोड़ें—

दोन. बोटं गार—

ईशानीचा फोन वाजतोय. मुकुल उचलत नाही. उचल ना रे. सांग तिला, आई निघाली होती, खरंच निघा—