सायन्स ब्लॉकची गस्त

३० सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.४०
युनिव्हर्सिटीत गस्त घालणारा कॅम्पस पॅट्रोल ऑफिसर म्हणून आज पहिला दिवस. आयटीतली नोकरी गेली की लोक खचतात. मी खचलो नाही. बेसिंगस्टोक सोडून सरळ कॉव्हेंट्री गाठलं. माझी लेक सिया याच युनिव्हर्सिटीत बायॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे, हा निव्वळ योगायोग. अरुणाला फोनवर तसं सांगितलं, तर हसली. घटस्फोट झाला म्हणून काय विश्वासही ठेवायचा नाही?
संकल्प: सियाला अजिबात डिस्टर्ब करायचं नाही.

दुपारी १.१०
सिया दिसली. मैत्रिणींबरोबर होती. मी हात केला. तिने केला नाही. डोळ्यांवर ऊन येत असणार. तसं ढगाळ होतं, पण इथल्या उन्हाचा भरवसा नसतो.

३ ऑक्टोबर, गुरुवार
एक हरवलेली किल्ली, दोनदा फायर अलार्म. फ्रेशर मुलगी जिन्यात रडत बसली होती, घरची आठवण. पाऊण तास तिच्याजवळ बसलो, ऐकून घेतलं. माझी सुपरवायझर मोइरा म्हणाली, शशिधर, हे तुला छान जमतं. रीडिंगच्या आयटी ऑफिसात बावीस वर्षांत असं कुणी म्हणालं नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार
सायन्स ब्लॉकचे दरवाजे ढिले आहेत. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार जरा जास्तच. सियाची लेक्चर्सही त्याच दिवशी असतात. गस्त वाढवली.
आज तिला विचारलं, जेवलीस का? ‘बाबा, प्लीज,’ म्हणाली आणि झपझप निघून गेली. पहिल्या वर्षाला अभ्यास फार देतात.

२१ ऑक्टोबर, सोमवार
ब्रीफिंगमध्ये मोइरा म्हणाली, एका विद्यार्थिनीची तक्रार आहे. युनिफॉर्ममधला एक माणूस सायन्स ब्लॉकबाहेर तासन्‌तास उभा असतो, तिची वाट बघतो. कामाशिवाय तिथे कुणी थांबायचं नाही. सगळा वेळ माझ्याकडेच बघत होती. म्हणजे केस माझ्यावर सोपवली.
सिया त्याच इमारतीत असते! रक्त उसळलं.
संकल्प: माणूस सापडेपर्यंत जागा सोडायची नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
तीन तास दारासमोर उभा. संशयित फिरकला नाही. युनिफॉर्ममध्ये मी एकटाच. गडी हुशार दिसतो.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
मोइराने केबिनमध्ये बोलावून दार लावलं. मी दोन पानी रिपोर्ट घेऊन गेलो होतो. तिने तो बाजूला ठेवला आणि तक्रारीच्या शेवटच्या ओळी वाचून दाखवल्या. तक्रार करणाऱ्या मुलीच्या परवानगीने, असं आधी म्हणाली.
‘ते माझे वडील आहेत. त्यांना काढू नका. ही नोकरी त्यांना आवडते. फक्त माझ्या दारात उभं राहू नका, असं सांगा.’
मोइराने चहा दिला. प्यायला गेला नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार
सियाने कॅन्टीनमध्ये बोलावलं. रात्रभर मुद्दे काढून ठेवले होते. एकही लागला नाही.
ती म्हणाली, ‘बाबा, तू वाईट नाहीस. पण माझी स्पोर्ट्स डे, माझा पेरेंट्स इव्हनिंग, सगळीकडे आई एकटी आली. तू रीडिंगचा ऑफिसमध्ये. मी खिडकीत उभा राहून तुझी गाडी बघायची. आता मी एकोणीस आहे. आता तू रोज आला.’
एरवी इंग्रजीत बोलते, आज मराठीत बोलली. चुका करत, पण मराठीत. मला कळावं म्हणून.
डेडलाइन्स होत्या, ट्रॅफिक असायचा, हे सांगणार होतो. नाही सांगितलं.
विचारलं, मग भेटायचं कधी?
‘मी सांगेन.’
ख्रिसमसला?
‘मी सांगेन ना, बाबा.’
उठताना तिने माझ्या जॅकेटची वर राहिलेली कॉलर नीट केली आणि गेली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
आता मैदानाची गस्त, कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला. गवत ओलं. कुणी नाही. चार फेऱ्या मारल्या.
सियाचा मेसेज नाही. अभ्यासात असेल, असं लिहिलं आणि खोडलं.
अभ्यासात नाही. तिला मी नको आहे.