एकच चिंचोका

३ फेब्रुवारी १९८६
घाटकोपरला बदली होऊन महिना झाला. आज कॅज्युअल्टीत (कॅज.) सहा वर्षांचा पोरगा, हनुवटी फुटलेली. मावशींनी चादरीत गुंडाळला, मी डोकं धरलं, तीन टाके, बधिर न करता. "बधिर करायला वेगळी सुई टोचा, त्यापेक्षा उरकून टाका," विभागप्रमुख सर म्हणाले. माझ्या मनगटावर त्याच्या दातांचे वण. बरं झालं चावला.

८ फेब्रु.
सरांना प्रबंधाचा विषय सांगितला. टाके घालताना मुलांना किती दुखतं. हसले. "मोजणार कशाने? थर्मामीटर लावणार?" मी पर्समधून चिंचोके काढले. पाच. टाके झाले की मुलापुढे धरायचे, दुखलं तेवढे उचल. "महिनाभर कर. दुखणं जास्त निघालं तर सगळ्या पोरांना बधिर करायचं इंजेक्शन. शब्द."
माणूस खडूस, पण शब्दाचा पक्का.

२० फेब्रु.
वाट लागली. बहुतेक पोरं एकच उचलतात. घसा बसेपर्यंत रडलेलीसुद्धा. लता सिस्टर म्हणते, "डॉक्टर, तुमचे चिंचोकेच किडके." हसले, पण जेवण गेलं नाही. कुठेतरी चुकतेय, कुठे ते...

६ मार्च
सरांनी चिंचोक्यांच्या नोंदींची वही चाळली. खूश. "बघ, पोरं रडतात ती घाबरून. दुखत फार नाही." मोठ्या जखमेला तरी इंजेक्शन द्यायचो, सोमवारपासून तेही बंद. नोटीस काढतायत. आधार काय, तर माझी वही. करायला गेले एक.

८ मार्च
सुगंधा, सात वर्षांची, पत्र्याने टाच कापलेली. आई कणकवलीकडची. टाके झाले, चिंचोके पुढे धरले. पोरीचा हात पाचांवर गेला, तेवढ्यात आई, "एकच घे गो. जास्त घेव नको." तिने एक घेतला, बाकीचे चार माझ्याकडे सारले.
मी गाढव. शेजारच्या काकूंनी वड्यांची बशी पुढे केली की आईचे डोळे माझ्यावर. एकच उचलायची, कितीही हवी असली तरी. आम्ही सगळी अशीच वाढलो. आणि मी पोरांपुढे चिंचोके धरतेय, आया समोर उभ्या. फार लाज वाटली.
मग पाचही तिच्या मुठीत दिले. "हे तुझेच. दुखलं तेवढे मला देऊन टाक." पाचही दिले. हात पुढेच ठेवला. "अजून आसत काय?"

९ मार्च
राहवेना. सरांच्या घरी, मुलुंडला गेले. वही चुकीची, चूक माझी, पुन्हा पहिल्यापासून करते म्हटलं. वड्यांचंसुद्धा सांगितलं. "मनासारखं आलं नाही की रीत बदलायची, असं?" बाहेरून दिसतं तसंच.
सरांच्या पत्नीने चहा आणला, चकल्यांची बशी पुढे केली. मी एक उचलली. "घ्या ना आणखी." "नको, नको, पुरे."
सर माझ्या हाताकडे बघत होते. "सकाळपासून काय खाल्लंस?"
"काही नाही."
नोटीस तिथेच टेबलावर, सही व्हायची होती. सरांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "उद्या मी स्वतः येतो कॅज.ला. ते चिंचोके आण."
बशी मात्र माझ्यासमोरून हलवू दिली नाही.