जावयाच्या ताटात तूप

१२ एप्रिल १९७२, देवळाली प्रवरा
हे आज पुन्हा कारखान्यावर गेले. मागच्या महिन्यात चहा पिताना तोंड वाकडं झालं होतं, डाव्या हातातून कप सुटला. तासाभरात सगळं जागेवर, म्हणून ह्यांच्या लेखी काही झालंच नाही.
नगरच्या डॉ.नी तूप, लोणी, साय बंद केलीय. रक्तदाबाच्या गोळ्या वेगळ्या. तुपानेच झालं का, विचारलं. म्हणाले, "हृदयाला बाधतं असं दिसतंय. मेंदूच्या झटक्याचं अजून छातीठोक सांगता येत नाही. पण माझा भाऊ असता तर मी खाऊ दिलं नसतं."
तूप बंद केलं डॉ.नी, अबोला माझ्याशी.

१८ एप्रिल
भाकरीवर करडईचं तेल वाढलं. गाडीच्या चाकाला घाल म्हणाले. बोलले तरी.
दुपारी कर्जतहून भाऊ आला. अधिक महिना, जावयाला धोंड्याचं जेवण. एकच गाय दुभती, चाऱ्याची बोंब, तरी आईने लोणी साठवून कढवलंय. नाही कसं म्हणायचं?
ह्यांची अट: झटक्याचं तिकडे अवाक्षर नको. आजारी जावई म्हणून पाटावर बसणार नाही म्हणे. कबूल केलं. माझीही अट: तूप आलं की ताटावर हात धरायचा. उजवा जेवणात, म्हणजे डावा. हात दिसला की आई थांबते.

२९ एप्रिल, कर्जत
आईला म्हटलं, ह्यांना तूप पचत नाही. पुढचं बोलता येईना, शब्द दिलाय. ती म्हणाली, "तुजे आबा वाटीनं तूप प्यायचे. ऐंशी वर्सांचे हून गेले, तवर काठी न्हाई धरली."
आबा दिवसभर औतामागे चालायचे. हे खुर्चीत बसून उसाच्या गाड्यांची वजनं लिहितात. पण हे आईला काय सांगू.
उद्या जेवण. धास्ती वाटतेय.

३० एप्रिल
गरम पुरणाचे धोंडे. आईने तुपाची धार धरली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात आला नाही. धार चालूच. आई खुशीत, "जावईबापू पुरे म्हनंनात, बघ."
"आई, बास कर." माझा आवाज चढला. सगळे बघायला लागले. भावजय तोंडाला पदर लावून हसली. ताटात तूप पार वरणापर्यंत गेलं होतं.
मागून ओट्यावर विचारलं, हात का नाही धरला? हसून म्हणाले, "तूप बघून मोह झाला."
जन्मात पहिल्यांदा वाटलं, हा माणूस खरंच हावरट असावा.

१ मे
सकाळी हे सदऱ्याची बटणं एकट्या उजव्या हाताने लावत होते. डावा मांडीवर. म्हणे हातावर झोपलो होतो.
शब्द मोडला. आईला सगळं सांगितलं. ती खाली बसली. "आदी का न्हाई बोललीस? म्या वतीत ऱ्हायले गं."
आता स्टँडवर. हे थेट घरी जाऊ म्हणतात, मी नगरला डॉ.कडे उतरवणार. हात बरा आहे म्हणून पिशवी मागताहेत. त्यांनी डावा हात पुढे केलेला नाही. पिशवी माझ्या मांडीवर घट्ट धरून बसलेय. बस अजून दिसत नाही.