मस्टरवरची नागुबाई

लातूर, १२ डिसेंबर २०२५

ति. आत्याबाईंस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि सगळी गल्ली ऐकते, म्हणून पत्र. नवा कामगार कायदा आला म्हणून डाळमिलवाल्यांनी प्रत्येकीला नेमणूकपत्र दिलं. मीही हौसेनं उघडलं. आत नाव नागुबाई, वय सहासष्ट, नोकरी २००४पासून. म्हणजे तुम्हीच की! २०१४ला तुमचे गुडघे गेले अन् तुमच्या जागी मी उभी राहिले, तेव्हा मुकादम म्हणाले होते, नाव कशाला कापायचं, चालू द्या. ते आजपर्यंत चालूच राहिलं.

मॅनेजर रेवणप्पा म्हणतात, नागुबाई असाल तर वय झालं, घरी बसा. प्रियदर्शनी असाल तर आजपासून नव्यानं लागा. मग माझी अकरा वर्षं गेली कुठं? आता काय करू, तुम्हीच सांगा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची सून,
प्रियदर्शनी

बिलोली, १९ डिसेंबर २०२५

चि. प्रियदर्शनीस,
जयभीम व पोटभर आशीर्वाद.

पत्र नात वर्षाराणी लिहून राहिली, बोलणं माझं. ऐकून मी गारच पडले. हितं लेकीच्या घरी मी खाटेवर, अन् तिकडं अकरा वर्षं डाळ निवडून राहिले! जावई म्हणले, गप बसा, एकवीस वर्षांच्या नोकरीचा सगळा पैसा तुमच्याच पदरात पडंल. खोटं कशाला बोलू, घटकाभर मोह झाला. मग माझी मलाच लई लाज वाटली.

आता ऐक. मला अक्षरओळख न्हाई, हजेरीच्या मस्टरवर माझा कायम अंगठाच. तू लागलीस तवापासून सही. रेवणप्पाला जुनी मस्टरं उघडाय लाव. सोबतच्या कागदावर माझा अंगठा हाय, ताडून बघा म्हणावं.

जेवत जा, अन् म्हातारीला इसरू नको.
नागुबाई

लातूर, ५ जानेवारी २०२६

ति. आत्याबाईंस,
सविनय जयभीम.

जून २०१४पर्यंत अंगठे निघाले, पुढं सगळी माझ्या हातची सही. रेवणप्पांनी एकेक पान तुमच्या कागदाशी ताडून बघितलं. शेवटी मालकांनी पत्र बदलून दिलं. प्रियदर्शनी, नोकरी २०१४पासून. तुमची दहा वर्षं तुमच्या नावानं वेगळी लिहून दिलीत, तो कागद सोबत आहे.

आज सकाळी हजेरीला मुकादमांनी प्रियदर्शनी म्हणून पुकारलं. कुणी बोलेना. ही नवी बाई कोण लागली म्हणून मीही मागं वळून बघितलं. त्यांनी पुन्हा पुकारलं, तरी मी बघतच होते. शेवटी शेजारी उभ्या रत्नम्मानं कोपरानं ढोसलं, तेव्हा कळलं. मग हात वर करून मोठ्यानं म्हणाले, हजर.

आशीर्वादाचा हात राहू द्या.
प्रियदर्शनी