हॅलम क्रीकची रांग

४ ऑक्टोबर १९७१, सोमवार
अखेर आलो! हॅलम क्रीकची जुनी स्टॉकमन बँक आता माझं घर आहे. वाऱ्याने ट्रकवरची ताडपत्री फाडली तरी मी शीळ घालत होतो. बासष्टाव्या वर्षी माणसाला स्वतःचं घर मिळावं आणि त्यात तिजोरी असावी, आणखी काय हवं? चाळीस पेट्या उतरवल्या. नव्या वस्त्यांत उभ्या राहिलेल्या बँकांचे फोटो, पितळी पाट्या, रोखपालाच्या खिडकीची जाळी, कोऱ्या चेकांचे गठ्ठे. लूएला म्हणायची, तुला जिवंत बायकोपेक्षा मेलेले बँकवाले बरे. आता ती एका दातांच्या डॉक्टरची बायको आहे. सुखात असेल.

सगळ्यात आधी रांगेचा फोटो लावला. याच इमारतीचा, १८९३ सालचा, समोरच्या फुटपाथवरून काढलेला. अकरा वर्षं माझ्याकडे आहे आणि त्याच्यासाठीच ही जागा घेतली. बँकेचं दार उघडं, बाहेर सत्तावीस माणसं. पहिला गोल टोपीवाला घोडे बांधायच्या खांबाशी उभा आहे, दारापासून सहा पावलांवर.

५ ऑक्टोबर
जुन्या फोटोंना उन्हासारखा वैरी नाही. खिडक्यांना खाकी कागद चिकटवला, पुढचं ओकचं दार लावून घेतलं. दुपारी समोरच्या खानावळीची व्हर्ला प्रूएट बीफचा रस्सा घेऊन आली. सत्तरीची बाई, तोंडाला कुलूप नाही. म्हणाली, "अहो बँकवाले, दहा ते तीन दार उघडं ठेवायचं हं. एरवी लावा नाहीतर खिळे ठोका." का, तर गावाची रीत. मी सांगितलं, ऊन लागलं की माझे फोटो गेलेच. तर म्हणे, "मग फोटो तिजोरीत घाला आणि तुम्ही बसा दारात." दुसऱ्याच्या वस्तूंचं काय करावं हे लोकांना फार कळतं. रस्सा बरा होता, मीठ जास्त.

७ ऑक्टोबर
रोवेनाचं पत्र! सतरा तारखेला, रविवारी दुपारी बाराला येते आहे. माझी एकुलती एक मुलगी, आणि आठ वर्षांत तोंड पाहिलेलं नाही. तिच्या लग्नाच्या दिवशी शायेन शहरात जुन्या बँकांच्या वस्तूंचा लिलाव होता. रोखपालाच्या खिडकीची ती जाळी तिथलीच. मला वाटलं, दोन्ही जमेल. माझा हात धरून आत जायचं म्हणून ती चर्चच्या दारात पाऊण तास वाट बघत उभी होती म्हणतात.

लिहिलंय, "बाबा, हे शेवटचं. यंदा जमलं नाही तर मी पुन्हा विचारणार नाही." चारदा वाचलं. ती यायला हवी. तिला हे सगळं दाखवायला हवं, म्हणजे तिला कळेल. माझ्या पोरीची मला फार आठवण येते, हे कुणाला सांगणार? इथे लिहितो.

११ ऑक्टोबर
टोपीवाला खांबाच्या पुढे आला आहे.

भिंग लावून मोजलं. खांबापासून दारापर्यंत सहा पावलं होती, आता याच्यापासून दारापर्यंत दोन. अकरा वर्षं रोज पाहिलेला फोटो! पोटच्या मुलीपेक्षा मला यांचे चेहरे जास्त पाठ आहेत, चूक होणं शक्य नाही. डोळे तपासायला हवेत.

१३ ऑक्टोबर
भर दुपारी दार वाजलं. कागद बाजूला करून पाहिलं, पायरीवर कुणी नाही. मागे वळलो तर फोटोतलं दार बंद होतं आणि टोपीवाल्याचा तळवा त्यावर.

मागच्या दाराने निघून व्हर्लाकडे गेलो. तिने कॉफी ओतली आणि हसली नाही. मग तिने सांगितलं: १८९३ साली बँक बुडाल्याची आवई उठली. मालक टिलरीने बाराच्या ठोक्याला दार लावलं आणि मागून पळाला. मागच्यांनी रेटा दिला, पुढची नऊ माणसं पायरीवर चेंगरून मेली. त्यात तिची आत्या, सहा वर्षांची. "दार उघडं असलं की ते डोकावतात, काउंटर रिकामा बघतात आणि निघून जातात. बिचाऱ्यांचं एवढंच मागणं. तुमच्या आधीच्या चार मालकांना कळलं, तुम्हीच मोठे दीडशहाणे!" मी म्हटलं, उद्या उघडतो.

१४ ऑक्टोबर
दहाला किल्ली घेऊन उभा राहिलो. तीनपर्यंत उभा होतो. मनाला सांगितलं, आज ऊन फार आहे. खोटं. लाकडापलीकडे श्वास ऐकू येत होते. एकट्याचे नव्हते.

१६ ऑक्टोबर
आजही नाही उघडलं. दार आतल्या बाजूला फुगलंय — ओकचं, चार बोटं जाडीचं. रोवेनाच्या घरी फोन केला, येऊ नको म्हणून सांगायला. जावई म्हणाला, ती काल सकाळीच गाडी घेऊन निघाली. आणि म्हणाला, "या वेळी तरी दार उघडा म्हणजे झालं." कुत्सित बोलला. लागलं मला ते.

१७ ऑक्टोबर, रविवार
११.४०. गाव चर्चमध्ये. खानावळ बंद. दारावर धक्के — थांबून थांबून. लिहीत राहिलो की दाराकडे बघावं लागत नाही.

११.५५. गाडी थांबल्याचा आवाज. फोटोत अठ्ठावीस माणसं. अगदी पुढे, दाराला लागून, आखूड केसांची बाई. आजच्या काळातला कोट. पाठमोरी आहे. माझ्यासारखाच डावा खांदा उतरलेला —

१२.००. तिची हाक. "बाबा, दार उघड ना! कोण रे हे मागून ढकलतंय? बाबा!" किल्ली हातात आहे. उघडलं की ते निघून जातील, व्हर्ला म्हणाली. पण आधी आत येतील — सगळे — माझ्या अंगावर —

१२.०४. ठरलं. मागच्या दाराने बाहेर पडतो, वळसा घालून तिला बाजूने ओढून काढतो. तेच शहाणपणाचं. फक्त फोटो पेटीत घालतो आधी, दोन मिनिटं. हे दार तुटलं तर तुडवतील सगळं. रोवेना, दोनच मिनिटं थांब —

पेटीची कडी बसत नाही. हाका थांबल्या. समजूतदार आहे पोर, कळलं असेल तिला. फोटोत अजून पुढेच आहे, दाराशी उभी — नाही, उभी नाही, ती खाली —